आधी काटा, मग साडी

प्रश्न: ताई, प्रभूच्या नावात सलाम. आम्ही वणीकडच्या एका खेड्यात राहतो. नऊ एकर कोरडवाहू वावर आहे, सगळी पऱ्हाटी आणि मधात तुरीच्या ओळी. दिवाळीपासून वेचणी लागते. पंधरा बाया येतात, किलोमागे दहा रुपये देतो. संध्याकाळी वावरातच काटा टांगतो. वजन मी वाचते, वहीत मीच लिहिते. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या घरी रीत आहे की प्रत्येक गाठोड्यामागे दोन किलो कमी लिहायचे. ओल असते, पत्ती असते, कापडाचं वजन असतं म्हणून. बायांना हे कधी सांगितलेलं नाही. पाच वर्षांपासून वही माझ्याकडे आहे. त्यातल्या दोघी आता गाव सोडून गेल्या, एक आदिलाबादकडे.

मागच्या महिन्यात पास्टरनी मीखा ६:८ वर संदेश दिला. न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे, देवाबरोबर नम्रतेने चालणे. तेव्हापासून झोप नाही. ह्यांना म्हटलं तर म्हणतात, जिनिंगवाला आपलं कापतो, खेडा खरेदीवाला कापतो, सगळेच कापतात. आपण नाताळात सगळ्या बायांना साडेतीनशेची साडी देतो, जेवू घालतो, गावात दुसरं कोण करतं? हे मंडळीचे खजिनदार आहेत. बाहेर बोललं तर ख्रिस्ताच्या नावाला बट्टा लागेल म्हणतात.

अजून एक. पंधरा दिवसांमागे एका म्हातारीच्या गाठोड्यात ओला कापूस निघाला, मधात पाणी शिंपडलेलं. ह्यांनी सगळ्यांसमोर तिला चोर म्हटलं आणि काढून दिलं. विधवा आहे. आता तिला दुसरं कोणी कामाला बोलवत नाही. मी तिथेच उभी होते, बोलले नाही. ह्यांना काहीच वाटत नाही, मलाच एकटीला खातंय. मी काय करू? नम्र राहायचं म्हणजे गप्प राहायचं का?
— एक बहीण, वणी तालुका

उत्तर: ताई, सलाम.

आधी ती वही घ्या. एका बाईचे दिवसाला दोन किलो म्हणजे वीस रुपये. तिन्ही वेचण्या मिळून ती तीस दिवस आली असेल तर सहाशे रुपये. नाताळात तुम्ही तिला साडी दिली साडेतीनशेची. म्हणजे साडी तिच्याच पैशाची, आणि वर तिचे अडीचशे तुमच्याकडे राहिले. जेवणही त्यातच निघालं असेल. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. पंधरा बायांचे धरले तर वर्षाला नऊ हजार होतात. कोरडवाहू शेती करणाऱ्याला नऊ हजार जड जातात, बियाणं-खताची निम्मी उधारी त्यात फिटते, हे मला माहीत आहे. पण सहाशे रुपये त्या बाईलाही जडच आहेत, आणि तिला तर ते गेल्याचं कोणी सांगितलेलंच नाही.

तुमच्या पास्टरनी आठवं वचन घेतलं, ते बरं केलं. मी असते तर अकरावंही वाचलं असतं. मीखा हा बायबलमधला संदेष्टा, पण यरुशलेमच्या राजवाड्यातला माणूस नव्हता. यहूदाच्या डोंगरपायथ्याच्या शेतीपट्ट्यातलं मोरेशेथ हे त्याचं गाव. योथाम, आहाज आणि हिज्कीया या राजांच्या काळात, म्हणजे इ.स.पू. आठव्या शतकात तो बोलत होता, आणि तो ज्यांच्यावर तुटून पडतो ते लोक आपल्याला चांगले ओळखीचे आहेत. दुसऱ्या अध्यायात रात्री अंथरुणात पडून बेत करणारे आणि उजाडताच दुसऱ्याचं वावर बळकावणारे लोक आहेत. सहाव्या अध्यायात, न्याय-दया-नम्रतेच्या वचनानंतर तीनच वचनं पुढे, खोटी तागडी आणि कपटाच्या वजनांची पिशवी आहे. आठवं वचन आपण कॅलेंडरवर छापतो, लग्नाच्या पत्रिकेवर घालतो. अकरावं फ्रेम करून भिंतीवर लावलेलं मी अजून एकाही घरात पाहिलेलं नाही. वचनांचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता. यवतमाळात तर पास्टर घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. पाठांतर झालं. वावरातला काटा मात्र पाठांतरानं हलत नाही.

आणि आठव्याच्या आधीची दोन वचनंही बघा. तिथे एक माणूस देवाला विचारतो की काय आणू म्हणजे तू खूश होशील? वासरं आणू? हजारो मेंढे? तेलाच्या दहा हजार नद्या? भाव वाढवत वाढवत तो पोटच्या पोरापर्यंत जातो. काहीतरी मोठं देऊन प्रकरण मिटवायचं, एवढीच त्याची धडपड. तुमच्या घरच्या साड्या आणि जेवण या दोन वचनांत बसतात. तुमचे पती वाईट मनानं देतात असं मी म्हणत नाही. मनापासूनच देत असतील. पण ज्याचं देणं आहे त्याला दान दिलं की देणं फिटत नाही. ही दोन खाती आहेत.

जक्कय आठवा, लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार. येशू घरी आल्यावर तो उभा राहून दोन वाक्यं बोलतो. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, हे एक. ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करतो, हे दुसरं. अर्धं गरिबांना दिलं, आता मागचं सोडा, असं तो म्हणत नाही. हिशेब करणारा माणूस होता, त्याला दोन खात्यांतला फरक कळत होता. तुमचे पती खजिनदार आहेत, त्यांनाही कळेल. मंडळीच्या वहीत इमारत निधीचे पैसे कोणी दशांशात, म्हणजे देवासाठी काढलेल्या मिळकतीच्या दहाव्या हिश्शात, लिहिले तर ते चालू देतील का?

आता “सगळेच कापतात” याबद्दल. हे खोटं नाही. विदर्भात कापूस पिकवणाऱ्या माणसाला काट्यावर, ग्रेडवर, ओलीवर कुठे ना कुठे नागवलं जातं. खेडा खरेदीच्या गाडीवरचा काटा किती मारतो हे बोलायला बसलो तर रात्र पुरणार नाही. पण मग करायचं काय? वरच्यानं आपलं कापलं म्हणून आपण खालचीचं कापायचं? तिच्या खाली तर कोणी नाही, ती कोणाचं कापणार? (कापलंच, तर ती गाठोड्यात पाणी शिंपडते. त्यावर पुढे येते.) वरच्याशी भांडायचं असेल तर जरूर भांडा. बाजार समितीत वजन करा, पावती घेतल्याशिवाय गाडी खाली करू नका, खोट्या काट्याची लेखी तक्रार करा. मीखाचा न्याय वरच्या दिशेनंही लागू आहे, आणि तो मागायला ख्रिस्ती माणसानं लाजायचं कारण नाही.

कापूस महामंडळाच्या केंद्रावरही कपात होते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, पण तो आठ टक्के ओलीपर्यंत. आठच्या वर बारापर्यंत ओल असली तर त्या हिशेबानं भाव कमी होतो, बाराच्या वर गेली तर कापूस घेत नाहीत. शेतकरी त्यावर चिडतो, पण निदान नियम आधी माहीत असतो आणि आकडा मशीनवर दिसतो. तुमच्या दोन किलोंना ना नियम ना आकडा. कडक उन्हात वेचलेल्या कापसालाही दोन आणि दवात भिजलेल्यालाही दोन. स्वच्छ वेचणाऱ्या बाईलाही दोन आणि पत्ती-कवडी (सुकी पानं, किडका कापूस) भरून आणणाऱ्या बाईलाही दोन. ओल आणि कचरा हे खरं कारण असतं, तर कपात रोज आणि माणसागणिक बदलली असती.

तेव्हा उद्या संध्याकाळपासून काय करायचं ते सांगते, कारण काटा तुमच्याच हातात आहे आणि यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. रिकामं कापड सकाळीच सगळ्यांसमोर काट्याला लावा. अर्धा किलो भरलं तर अर्धा किलो वजा होईल, हे तिथेच सांगा. दव असेल तर वेचणी उशिरा सुरू करा, नाहीतर पहिल्या दोन तासांचा माल वेगळा ठेवून वाळवा. काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचा, आणि बायांमधली जी शिकलेली असेल तिला शेजारी उभी करून तिलाही वाचायला लावा. वही तिच्यासमोर उघडी राहू द्या. काटा जुना स्प्रिंगचा असेल तर त्याची स्प्रिंग ढिली झालेली असू शकते. घरी तपासायचा सोपा उपाय म्हणजे युरियाची न फोडलेली गोणी टांगा. तिच्यात पंचेचाळीस किलो असतो, वर गोणीचं थोडंसं वजन धरा. फार फरक आला तर काटा बदला. आणि हंगाम संपला की वैधमापन शास्त्र विभागाकडून त्यावर शिक्का मारून घ्या. अनेकांना वाटतं तो शिक्का किराणा दुकानदारापुरता आहे. तसं नाही. २००९ च्या वैधमापन कायद्यात मजुरी ठरवण्यासाठी केलेलं वजनसुद्धा व्यवहारातच मोडतं.

मागच्याचं काय? लेवीय सहाव्या अध्यायात लुबाडलेलं परत करायची रीत दिली आहे. मुद्दल पूर्ण द्यायचं, त्यावर पाचवा हिस्सा घालायचा, आणि ज्याचं त्याच्याच हातात ठेवायचं. सहाशेचे सातशेवीस. यंदाचे आधी द्या, येत्या बाजाराच्या दिवशी, चुकाऱ्यासोबत. मागच्या चार वर्षांचं वहीवरून काढा आणि दोन-तीन हंगामांत फेडायचं ठरवा. एकदम होणार नसेल तर तसं सांगा, बाया समजून घेतात. मी दोन गोष्टींवर मात्र हट्ट धरीन. एक, हे पैसे दशांशातून काढायचे नाहीत. देवाच्या नावानं बाजूला काढलेल्या पैशातून स्वतःची उधारी फेडणं म्हणजे पुन्हा तेच. दुसरं, देताना “भेट”, “बक्षीस”, “प्रभूनं आम्हाला प्रेरणा दिली” असं काही बोलायचं नाही. “वजन कमी धरलं होतं, हे तुमचे पैसे” एवढंच. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो तर नकोच नको.

साड्या यंदाही द्यायच्या असतील तर द्या, पण वहीतलं खातं चुकतं झाल्यावर. तोवर त्या साडेतीनशेंवर तिचाच हक्क आहे.

ख्रिस्ताच्या नावाला बट्टा लागेल, ही भीती मला पटत नाही. तुम्हाला वाटतंय की झाकली मूठ सव्वा लाखाची. ताई, ती मूठ झाकलेली नाही. दिवसाला चाळीस किलो वेचणारी बाई गाठोडं डोक्यावर घेते तेव्हाच तिच्या मानेला कळतं की किती भरलं. घरी जाताना त्या आपसात बोलत असतील. तुमच्या घरून प्रार्थनेचा आवाज येतो तेव्हा त्यांच्या मनात काय येतं, हे विचारायला कधी कोणी गेलं नाही इतकंच. याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातो. ज्याच्या नावाला बट्टा लागेल म्हणून आपण गप्प बसतो, त्याच्या कानावर ते आधीच गेलेलं आहे.

पतींनी खजिनदार राहावं की नाही, हे मी इथून ठरवणार नाही. ते त्यांनी पास्टरांशी बोलावं, पण बायांचा चुकारा झाल्यावर. आधी राजीनामा आणि मग वर्षभर त्याचीच चर्चा, असं झालं की मजुरी बाजूला राहते आणि सगळं मंडळीच्या मानापमानावर घसरतं. पाहिलंय मी असं.

त्या म्हातारीबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचं आहे.

तिनं केलं ते वाईटच होतं, आणि दया करायची म्हणून ते लहान करून सांगायची गरज नाही. एक ओलं गाठोडं गंजीत गेलं तर आत गरम होतं, कापूस पिवळा पडतो, आजूबाजूचा मालही खराब होतो. मत्तयच्या अठराव्या अध्यायात दहा हजार तालांतांचं, म्हणजे जन्मभर फिटणार नाही एवढं, देणं माफ झालेला चाकर बाहेर पडून सोबत्याचा गळा धरतो, तो शंभर दीनारांसाठी. आपण हे सांगताना शंभर दीनार म्हणजे चिल्लर असल्यासारखं सांगतो. दीनार ही तेव्हाची एका दिवसाची मजुरी होती. शंभर दिवसांची मजुरी चिल्लर नसते. सोबत्याचं देणं खरंच होतं. चाकराचा दोष एवढाच की स्वतःला काय सोडलं गेलं ते तो दारातून बाहेर पडेपर्यंत विसरला. तुमच्या वावरात त्या संध्याकाळी चोर हा शब्द एकाच माणसाला लागला, आणि ज्या काट्यावर तो लागला त्या काट्यावर तिचे रोज दोन किलो जात होते. तिनं पाणी शिंपडून कदाचित तेच भरून काढलं असेल. नसेलही. तिलाच विचारावं लागेल.

तुम्ही तिच्या घरी जा. पतींना यायचं नसेल तर एकट्या जा, पण तिचे पैसे सगळ्यांत आधी द्या, पाचव्या हिश्शासकट. मग तिला वावरात परत बोलवा. चोर जिथे म्हटलं तिथेच, त्याच बायांसमोर तिला परत घेतलं पाहिजे. तिच्या झोपडीत हळूच माफी मागितली तर गावातली बाकीची दारं तिला बंदच राहतील. ओला कापूस पुन्हा चालणार नाही, हेही तिला तिथेच सांगा. तिला त्याचं वाईट वाटणार नाही. उलट, सगळ्यांना लावता तो नियम आपल्यालाही लावला याचं बरंच वाटेल.

आणि एक विचार करा. पासष्टीची बाई दिवसाला किती किलो वेचणार? कंबर वाकत नाही, खालची बोंडं हाताला येत नाहीत, तरण्या सुना दोन ओळी पुढे निघून जातात. किलोच्या दरानं तिची मजुरी दरवर्षी घटतच जाते. अशा बाईला रोजीनं काम द्या. सावलीत बसून कवडी निवडायची, पत्ती काढायची, गंजीवर लक्ष ठेवायचं. हे काम तुमच्याकडे आहेच, आज ते फुकटात कोणीतरी करतं किंवा होतच नाही. वेचण्या संपल्यावर झाडावर जे किडकं-मिडकं राहतं तेही तिला आणि तिच्यासारख्या दोघी-तिघींना नेऊ द्या. लेवीय एकोणिसाव्या अध्यायातला सरवा तो हाच. बोंडअळीमुळे फरदड (हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी राखून घेतलेला कापूस) ठेवायची नाही आणि पऱ्हाटी लवकर उपटायची असते, म्हणून उपटण्याआधी आठवडाभर त्यांना निरोप द्या. नाहीतर ट्रॅक्टर फिरल्यावर बोलावणं जातं, आणि वर आपण सरवा सोडला म्हणून साक्ष देतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, नम्र राहायचं म्हणजे गप्प राहायचं असं नाही. आपल्या मंडळ्यांत बायांना हे इतक्या वेळा शिकवलं गेलंय की मीखाचं वचनही आपण तसंच ऐकतो. मीखा स्वतः गप्प बसलेला माणूस नाही. तो म्हणतो देवाबरोबर चाला. नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा पास्टरच्या मागे मूग गिळून चाला, असं त्यात कुठे आलं?

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं, ते सांगितलं तर रागावू नका. “ह्यांना काहीच वाटत नाही, मलाच एकटीला खातंय.” पाच वर्षं आकडा वाचणारा आवाज तुमचा आहे, ताई, आणि अक्षरही तुमचंच आहे. रीत सासऱ्यांची असेल, जोर पतीचा असेल, तरी. म्हणून पतींशी बोलाल तेव्हा संदेशातली वाक्यं त्यांच्या अंगावर फेकू नका. मंदिरात उभा राहून “मी या जकातदारासारखा नाही” म्हणणारा, स्वतःला धार्मिक समजणारा परुशी होणं फार सोपं असतं, आणि घरात तर त्याहून सोपं. “तुम्ही पाप करता” अशी सुरुवात झाली की ते जिनिंगवाल्यावर जातील, मग तुमच्या माहेरावर. “मी आजपासून कमी लिहिणार नाही, मला जमत नाही” अशी सुरुवात करा. मग वही पुढे ठेवा आणि सहाशे आणि साडेतीनशेचा हिशेब त्यांनाच करू द्या. खजिनदाराला आकडे दिले की तो बेरीज केल्याशिवाय राहत नाही. तरीही नाही म्हणाले तर मागचे पैसे अडतील, काही काळ अडतील. पुढचा काटा मात्र सरळ राहील, आणि वर्षभर सरळ काटा बघितल्यावर मागच्या हिशेबाबद्दल त्यांच्याशी बोलणं आजच्याइतकं अवघड राहणार नाही. रागाच्या भरात ते वही हिसकावतील, हात उगारतील अशी भीती असेल, तर मात्र एकटीनं बोलायला बसू नका. पास्टरांच्या पत्नीला किंवा घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घ्या.

गाव सोडून गेलेल्या दोघींचं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, पण त्यांचंही देणं आहेच. गणना पाचव्या अध्यायात सांगितलंय की ज्याचं द्यायचं तो नाही आणि त्याचा जवळचा वारसही नाही, तेव्हाच ते परमेश्वराकडे, याजकाच्या हाती जातं. म्हणजे आधी शोध घ्यायचा. आदिलाबादकडे गेलेल्या बाईची कोणी बहीण, जाऊ, लेक गावात असेलच, आणि तिच्याकडे फोन नंबर असेल. पैसे फोनवरून जातात, नाताळाआधी पाठवा. पाठवताना एक फोन करा आणि कशाचे ते सांगा, नाहीतर ती बिचारी चुकून आले म्हणून परत करील.